चार ग्रंथालये, एक शोधखिडकी : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

चार स्वतंत्र ग्रंथालयांच्या तालिका वाचकाला एकाच ठिकाणी शोधता याव्यात आणि सापडलेल्या ग्रंथाची प्रत या क्षणी कोणत्या ग्रंथालयात उपलब्ध आहे हेही तिथेच कळावे, या प्रकल्पाचे काम आज सुरू झाले. नोंदींमध्ये ग्रंथालयांचा उल्लेख अ, ब, क आणि ड असा करत आहे. अ चा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस प्रणालीवर असून त्यात प्रत्येक ग्रंथाची मार्क २१ (ग्रंथालयीन नोंदींचा प्रमाणित साचा) नोंद अखंड ठेवलेली आहे. ब कडे मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीवर चालणारे तयार ग्रंथालय सॉफ्टवेअर आहे आणि त्याने हीच माहिती अनेक तक्त्यांत विभागली आहे. क चे तक्ते ओरॅकल या तिसऱ्या प्रणालीवर, फार पूर्वी तिथल्याच लोकांनी रचलेले आहेत आणि त्यांचा मार्कशी काहीही संबंध नाही. ड हे डिजिटल संग्रहालय आहे. त्याच्या डेटाबेसपर्यंत थेट वाट नाही, ते आपली माहिती फक्त ओएआय-पीएमएच या, नोंदी गोळा करू देणाऱ्या प्रोटोकॉलने देते.

पहिल्याच बैठकीत अपेक्षित प्रश्न आला : चारही डेटाबेस एका मोठ्या डेटाबेसमध्ये ओतून मोकळे का होऊ नये? माझे मत नोंदवून ठेवतो. चारही ठिकाणी तालिकाकार वेगळे, देवघेवीचे नियम वेगळे आणि सॉफ्टवेअर बदलण्याचा निर्णय घेणारेही वेगळे आहेत. हाइम्बिग्नर आणि मॅक्लाउड यांनी १९८५ मध्ये मांडलेली संघीय रचनेची (डेटाबेस स्वतंत्र ठेवूनच जोडण्याची) कल्पना आणि शेठ व लार्सन यांनी १९९० मध्ये त्यावर केलेले विस्तृत विवेचन नेमके याच परिस्थितीला धरून आहे. प्रत्येक स्रोताला स्वतःची रचना ठरवण्याची, इतरांशी बोलायचे की नाही हे ठरवण्याची आणि स्वतःची कामे स्वतःच्या क्रमाने करण्याची मुभा असते, आणि ही मुभा काढून घेतली तर जोडणी टिकत नाही. म्हणून एक तत्त्व आजच लिहून ठेवले आहे : आमची प्रणाली कोणत्याही स्रोताच्या वतीने नवे सत्य तयार करणार नाही, कोणत्या स्रोताने, कोणत्या वेळी, काय सांगितले, हे ती जपून ठेवेल.

१६ जानेवारी २०२५

प्रत्येक ग्रंथालयाने बाहेर काय द्यायचे, याचा मसुदा आज ठरला. शेठ-लार्सन यांच्या पाच स्तरांच्या रचनेत स्रोताचा स्थानिक स्कीमा (तक्त्यांची आखणी) आणि त्याने बाहेर दाखवायचा स्कीमा यांत जो भेद केला आहे, त्याचा खरा उपयोग इथे होतो. आम्हाला ग्रंथ, प्रती आणि प्रतींची सद्यःस्थिती हवी आहे. ग्रंथ कोणी नेला याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. म्हणून तिन्ही डेटाबेसमध्ये आमच्यासाठी वेगळा वापरकर्ता आणि वेगळे व्ह्यू (मूळ तक्त्यांतील निवडक माहितीच दाखवणारे तक्ते) तयार केले जातील, मूळ तक्त्यांवर आम्हाला कोणताही अधिकार नसेल, आणि सभासद क्रमांकाचा रकाना त्या व्ह्यूमध्ये मुळातच नसेल. आम्ही तो वाचणार नाही असे वचन देणे पुरेसे नाही, तो आमच्यापर्यंत पोहोचताच कामा नये, या मताशी चारही ग्रंथपाल सहमत झाले. कोण काय वाचतो ही माहिती फार नाजूक असते, आणि जोडलेल्या प्रणालीत एका ठिकाणची गळती सर्वांची गळती ठरते.

२८ जानेवारी २०२५

शोधाची क्वेरी (विचारणा) आयत्या वेळी चौघांकडे पाठवायची, की तालिका आधीच गोळा करून आपल्याकडे इंडेक्स (शोधसूची) करायची, हा आजचा विषय. ग्रंथालयांच्या जगाला दोन्ही वाटा परिचित आहेत. झेड३९.५० हा प्रोटोकॉल पहिल्या वाटेचा : तुम्ही विचारता आणि समोरचा सर्व्हर त्याच्या डेटाबेसमध्ये शोधून उत्तर देतो. ओएआय-पीएमएच दुसऱ्या वाटेचा : नोंदी वेळोवेळी गोळा करून ठेवायच्या. त्याची २.० ही आवृत्ती २००२ मधली असून तिच्यात एकूण सहाच प्रकारच्या विनंत्या आहेत. हा आटोपशीरपणा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पहिल्या वाटेतली अडचण साध्या हिशेबात दिसते. चार स्रोतांपैकी प्रत्येकजण १०० पैकी ९९ वेळा ठरलेल्या मुदतीत उत्तर देतो आणि त्यांचे उशीर एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरले, तर चौघांचीही उत्तरे मुदतीत येण्याचे प्रमाण सुमारे ९६ टक्क्यांवर येते. स्रोत वाढतील तसे ते आणखी घसरेल. शिवाय प्रत्येक सर्व्हर त्याच शब्दांचा वेगळा अर्थ लावतो. अर्धवट शब्दावर शोध घेण्याची सोय एकाकडे असते, दुसऱ्याकडे नसते. नसेल तिथे कधी सूचना मिळते, तर कधी निमूटपणे वेगळाच निकाल.

निर्णय असा झाला की तालिकेचा मजकूर क्वचित बदलतो, म्हणून तो गोळा करून आमच्याकडे इंडेक्स करायचा. प्रतीची स्थिती क्षणाक्षणाला बदलते, म्हणून ती मात्र त्या त्या वेळी मूळ स्रोताला विचारायची. एकाच पडद्यावर दोन प्रकारची माहिती दिसेल. तेव्हा ग्रंथाच्या वर्णनासोबत ते कधी गोळा केले आणि स्थितीसोबत ती कधी विचारली, हे दोन्ही वाचकाला दिसले पाहिजे.

६ फेब्रुवारी २०२५

स्कीमा जुळवणीचे काम सुरू आहे. जागतिक स्कीमा (चारही स्रोतांसाठीचा सामायिक स्कीमा) स्रोतांवरचे व्ह्यू म्हणून लिहायचा, की प्रत्येक स्रोताचे वर्णन जागतिक स्कीमावरचा व्ह्यू म्हणून करायचे, या दोन पद्धतींपैकी पहिली निवडली. दुसऱ्या पद्धतीत नवा स्रोत जोडणे सोपे जाते, परंतु क्वेरीचे रूपांतर करणे बरेच अवघड होते. चार स्रोतांसाठी तो भार उचलण्याचे कारण नाही.

‘प्रकाशन वर्ष’ हा एकच रकाना घेतला तरी कामाचे स्वरूप कळते. मार्क २१ मध्ये ००८ क्रमांकाच्या क्षेत्रात ०७ ते १० या स्थानांवर वर्ष असते, आणि शेवटचा अंक माहीत नसेल तर त्या जागी ‘यू’ हे अक्षर लिहिण्याची पद्धत आहे. म्हणजे तिथे एका वर्षाऐवजी एक दशक असते. ब च्या तक्त्यात वर्ष हा मोकळा मजकूर आहे. त्यात चौकटी कंस, ‘अंदाजे’सारखे शब्द आणि क्वचित वेगळ्या कालगणनेतील वर्षही सापडते. क मध्ये ते संख्येच्या रूपात आहे आणि माहीत नसेल तिथे शून्य घातले आहे. या तिघांना एका पूर्णांकाच्या रकान्यात कोंबले असते, तर शून्य सालची पुस्तके तरी दिसली असती, नाहीतर दशकाची माहिती तरी हरवली असती. म्हणून वर्षाचे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने ठेवले आहेत, आणि स्रोतात जसे लिहिले आहे तसा मूळ मजकूर तिसऱ्या रकान्यात, हात न लावता, जपला आहे.

रिकाम्या जागेचेही असेच आहे. ओरॅकल रिकामी अक्षरमाला आणि नल (मूल्यच नसणे) यांत भेद करत नाही, पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएल करतात. अ मध्ये उपशीर्षक रिकामे असेल तर ‘या ग्रंथाला उपशीर्षक नाही’ असा अर्थ काढता येतो. क मध्ये तसाच रिकामा रकाना ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ या दोन्ही अर्थांनी असू शकतो. जो भेद स्रोतालाच माहीत नाही तो आम्ही ठरवायचा नाही. क च्या बाबतीत ते ‘माहीत नाही’ असेच धरले आहे.

२० फेब्रुवारी २०२५

आजचा दिवस अक्षरांचा होता. इतक्या मूलभूत पातळीवर एवढा वेळ द्यावा लागेल असे आराखड्यात कुठे लिहिलेले नसते, पण शोधाचा सगळा डोलारा याच पातळीवर उभा असतो.

मार्क २१ नोंदीच्या शीर्षभागात ०९ या स्थानावर ‘ए’ असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि ती जागा रिकामी असेल तर तो जुन्या मार्क-८ संकेतात आहे, असा नियम आहे. ही खूण आणि प्रत्यक्ष मजकूर नेहमी जुळतातच असे नाही, म्हणून आयात करताना दोन्ही तपासले जातात आणि विसंगत नोंद वेगळी काढली जाते.

देवनागरीत याहून सूक्ष्म प्रश्न आहेत. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते, किंवा ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचे टिंब) जोडून दोन संकेतांकांनी. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणीकरणाने ही दोन रूपे एक होतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र मात्र आणखी एका प्रकारे लिहिला जातो : साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, एनएफसी मात्र त्यांना एक करत नाही. म्हणून शोधासाठी वेगळी ‘शोधरूप’ कळ (शोधताना ताडायचे मजकुराचे रूप) तयार केली आहे. ती बनवताना आधी एनएफसी लावले जाते, मग आमचा स्वतःचा नियम. दाखवण्याचा मजकूर मूळचाच राहतो.

क्रमवारीबद्दलही एक नियम केला. मायएसक्यूएलची नेहमीची तुलना लहान-मोठ्या रोमन लिपीतील अक्षरांत फरक करत नाही, पोस्टग्रेसक्यूएलची करते. दोन स्रोतांनी आपापल्या क्रमाने लावून दिलेल्या याद्या दोन्हींचा क्रम एकच आहे असे समजून एकत्र गुंफल्या, तर काही जोड्या सुटतात आणि चूक झाल्याचा कोणताही इशारा मिळत नाही. म्हणून स्रोताने दिलेल्या क्रमावर विसंबायचे नाही; क्रम लावणे हे काम आमच्याच बाजूला, शोधरूपाच्या बाइटनिहाय तुलनेने होईल.

४ मार्च २०२५

बदललेल्या नोंदी तेवढ्याच आणायच्या हे बोलायला सोपे आहे. अ च्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला ‘शेवटचा बदल’ असा वेळेचा रकाना आहे, आणि मागच्या फेरीनंतर बदललेले सारे मागून घ्यावे अशी स्वाभाविक कल्पना मनात येते. तीत एक छिद्र आहे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये नाउ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देते, संपल्याची नाही. समजा, १०:०० वाजता मोठी आयात सुरू झाली आणि ती १०:४० ला पूर्ण झाली. तिच्यातील सर्व नोंदींवर १०:०० ही वेळ पडेल. आम्ही १०:३० ला फेरी केली तर त्या नोंदी दिसणार नाहीत, कारण त्या अजून पक्क्या झालेल्या नाहीत. आणि पुढच्या फेरीत ‘१०:३० नंतरचे’ असे मागितले तर त्या पुन्हा कधीच येणार नाहीत. कोणतीही यंत्रणा कोसळत नाही, नोंदपुस्तकात चूक उमटत नाही, फक्त काही ग्रंथ वाचकाला सापडेनासे होतात. जोडलेल्या प्रणालींत मला सर्वांत जास्त धास्ती अशाच दोषांची वाटते.

एक उपाय म्हणजे डेटाबेसच्या बदल-लॉगवरूनच वाचणे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही सोय ९.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे आणि तिथे बदल पक्के झाल्याच्या क्रमाने मिळतात. परंतु त्यासाठी अ च्या सर्व्हरवर आमच्या नावाचा स्लॉट (आम्ही लॉग कुठवर वाचला याची खूण) ठेवावा लागतो, आणि आमची प्रणाली बंद पडली तर न वाचलेला लॉग त्यांच्या डिस्कवर साचत जातो. १३ व्या आवृत्तीपासून त्याला मर्यादा घालता येते, पण मर्यादा ओलांडली की स्लॉट निकामी होऊन सगळे पहिल्यापासून आणावे लागते. आमच्याकडचा बिघाड त्यांची देवघेव बंद पाडू शकेल अशी व्यवस्था मला मान्य नाही. म्हणून तूर्त साधा मार्ग घेतला : प्रत्येक फेरीत मागच्या वेळेच्या बरेच आधीपासूनचे बदल पुन्हा मागायचे, तीच नोंद दोनदा आली तरी परिणाम एकच राहील अशा रीतीने ती लिहायची, आणि रोज रात्री सर्व नोंदींच्या कळा (ओळख क्रमांक) व चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) ताडून पाहायचे.

रात्रीच्या या ताडणीचा दुसरा लाभ असा की काढून टाकलेल्या नोंदीही कळतात. तक्त्यातून ओळ नाहीशी झाली की तिचा ‘शेवटचा बदल’ही तिच्याबरोबरच जातो. ओएआय-पीएमएचमध्ये काढलेल्या नोंदींची आठवण ठेवतो की नाही हे प्रत्येक संग्रहालयाने जाहीर करायचे असते, आणि ड ने ‘ठेवत नाही’ असे जाहीर केले आहे. त्यामुळे तिथेही पूर्ण यादी ताडण्याला पर्याय नाही. एक खबरदारी सक्तीची केली : यादी शेवटच्या पानापर्यंत पूर्ण आल्याची खात्री झाल्याखेरीज कोणतीही नोंद ‘काढली गेली’ असे मानायचे नाही.

२१ मार्च २०२५

एकच ग्रंथ चार ठिकाणी असेल तर वाचकाला तो एकदाच दिसावा आणि त्याखाली चार ग्रंथालये यावीत. म्हणजे नोंदी जुळवायला हव्यात.

आयएसबीएन या ग्रंथांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून सुरुवात केली. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी झाला. त्याआधीच्या १० अंकी क्रमांकाचे रूपांतर करताना शेवटचा तपासणी अंक टाकायचा, पुढे ९७८ लावायचे आणि तपासणी अंक नव्याने काढायचा. ०-३०६-४०६१५-२ चा ९७८-०-३०६-४०६१५-७ होतो. हे यांत्रिक काम आहे. परंतु आयएसबीएन हे प्रमाण १९७० चे. त्याआधीच्या बहुतेक ग्रंथांना तो नाही. जिथे आहे तिथेही कधी संपूर्ण संचाचा क्रमांक प्रत्येक खंडाला लावलेला असतो. म्हणून जुळवणीत तो भक्कम पुरावा धरला आहे, निर्णायक नाही.

उरलेल्यांसाठी फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ मध्ये मांडलेली संभाव्यतेची पद्धत वापरत आहोत. एखादे क्षेत्र खऱ्या जोडीत किती वेळा जुळते आणि अनोळखी जोडीत योगायोगाने किती वेळा जुळते, या दोन प्रमाणांच्या गुणोत्तराचा २ या पायाचा लॉगॅरिदम हे त्या क्षेत्राचे वजन. उदाहरणादाखल, खऱ्या जोडीत ०.९ आणि योगायोगाने ०.०१ असे प्रमाण असेल तर जुळल्यास सुमारे ६.५ वजन मिळते आणि न जुळल्यास सुमारे ३.३ वजा होते. शीर्षकाचे वजन मोठे आणि वर्षाचे लहान का, याचे उत्तर या पद्धतीत अंदाजाने द्यावे लागत नाही. मात्र दोन बाजूंना एकेक लाख नोंदी असतील तर १,००० कोटी जोड्या होतात, त्यामुळे आधी गट पाडावे लागतात. शोधरूपातील ग्रंथकाराच्या आडनावावर एकदा आणि शीर्षकाच्या पहिल्या शब्दांवर एकदा, असे दोन स्वतंत्र गट करून त्या त्या गटातीलच जोड्या तपासल्या जातात.

खरी कसोटी बहुखंडी ग्रंथांची आहे. शीर्षक, ग्रंथकार, प्रकाशक सारे जुळते आणि वेगळा असतो तो फक्त खंड क्रमांक. पुरावा जवळजवळ पूर्ण आणि निष्कर्ष साफ चुकीचा, असे इथे होऊ शकते. म्हणून खंड क्रमांक दोन्हीकडे असून वेगळा असेल तर वजन कितीही भरो, जोडी नाकारायची असा कडक नियम केला. साखळीचा धोकाही आहे : पहिली नोंद दुसरीशी, दुसरी तिसरीशी जुळते, पण पहिली आणि तिसरी समोरासमोर ठेवली तर कोणीही त्यांना एक म्हणणार नाही. गट करताना प्रत्येक नवी नोंद गटातील सर्वांशी ताडली जाते, कोणा एकाशी नव्हे.

यात एक निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. जुळलेल्या नोंदी मिसळून एक नोंद केली जाणार नाही. चारही मूळ नोंदी जशाच्या तशा राहतील आणि त्यांना जोडणारा दुवा वेगळ्या तक्त्यात असेल, त्याचे वजन आणि कारण यांसह. एखाद्या ग्रंथपालाला जोडणी चुकीची वाटली तर दुवा तोडता येईल, आणि त्यांचा तो निर्णय पुढच्या फेरीत यंत्र बदलणार नाही.

१७ एप्रिल २०२५

प्रतींच्या स्थितीची थेट विचारणा चालू झाली. अ साठी पोस्टग्रेसक्यूएलची परकीय तक्त्यांची सोय वापरली आहे. एसक्यूएल प्रमाणाच्या नवव्या भागात तिचा पाया आहे. सोय उत्तम आहे, परंतु दूरचा तक्ता जवळच्यासारखा दिसू लागला की अंतराची जाणीव सुटते. आमच्या तक्त्याशी दूरचा तक्ता सरळ जोडला तर डेटाबेसचा नियोजक (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) कधी संपूर्ण दूरचा तक्ता ओढून आणण्याचा मार्ग निवडू शकतो. म्हणून शोधाच्या पानावर दिसणाऱ्या ग्रंथांच्या कळांची यादी आधी काढून तेवढीच पाठवली जाते आणि तेवढ्याच प्रतींची स्थिती परत येते. बर्नस्टाइन आणि चिऊ यांनी १९८१ मध्ये अभ्यासलेला सेमी-जॉइन तो हाच. नेटवर्क तेव्हापेक्षा कितीतरी वेगवान झाले आहे, पण हा विचार आजही तितकाच उपयोगी आहे.

मुदतीत उत्तर न आल्यास जुनी स्थिती दाखवायची नाही, हे ठरवताना चर्चा लांबली. ‘तासाभरापूर्वी उपलब्ध होती’ एवढे तरी कळावे, असे एक मत होते. पण वाचक त्यावर विसंबून ग्रंथालयात जातो. म्हणून पडद्यावर ‘स्थिती आत्ता कळू शकली नाही’ असे येईल आणि बाकी ग्रंथालयांची उत्तरे कोणाचीही वाट न पाहता दिसतील.

६ मे २०२५

आरक्षण ही एकच गोष्ट अशी आहे जिथे आम्ही स्रोतात लिहितो. ते लेखन तक्त्यांत थेट होणार नाही. प्रत्येक ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरने दिलेल्या सेवेतूनच होईल, कारण कोणाला किती ग्रंथ राखून ठेवता येतात यासारखे नियम तक्त्यांत नसून त्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत.

दोन टप्प्यांचे कमिट (सर्व स्रोतांतील बदल एकत्र पक्के करण्याची पद्धत) वापरावे अशी सूचना आली होती. त्यात प्रत्येक स्रोत आधी ‘तयार आहे’ असे सांगतो आणि समन्वयकाच्या निर्णयाची वाट पाहतो. समन्वयक नेमका त्याच क्षणी बंद पडला तर स्रोताला स्वतःहून पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही, आणि तोवर नोंदींवरची कुलुपे (इतरांना बदल करण्यापासून रोखणारी) अडकून राहतात. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये अशा तयार ट्रान्झॅक्शनची मर्यादा मूळ मांडणीत शून्यच असते, म्हणजे ही सोय मुद्दाम चालू केल्याशिवाय मिळत नाही. स्वतंत्र ग्रंथालयांवर असे परस्परांत अडकलेले कुलूप लादणे योग्य नाही.

त्याऐवजी गार्सिया-मोलिना आणि सालेम यांची १९८७ मधली सागा ही पद्धत घेतली : काम लहान, स्वतंत्र पायऱ्यांत करायचे आणि पुढची पायरी अडली तर आधीच्या पायरीची भरपाई करणारी उलट क्रिया करायची. आमच्या तक्त्यात विनंती ‘प्रलंबित’ म्हणून लिहिली जाते, मग ग्रंथालयाला पाठवली जाते आणि होकार आला की ‘पक्की’ होते. उत्तरच आले नाही तर विनंती पोहोचली की नाही हे कळत नाही, आणि ती आंधळेपणाने पुन्हा पाठवली तर दोन आरक्षणे होऊ शकतात. यासाठी प्रत्येक विनंतीला एकमेव क्रमांक दिला आहे. ब च्या सेवेत असा क्रमांक स्वीकारण्याची जागा नाही, म्हणून तो आरक्षणाच्या शेऱ्यात लिहिला जातो आणि पुन्हा पाठवण्याआधी त्याच क्रमांकाचा शेरा आहे का ते पाहिले जाते.

२२ मे २०२५

ब चे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर गेले आणि एका रकान्याचा प्रकार बदलला. रोजच्या स्कीमा तपासणीत तो सकाळीच दिसला. आयात आपोआप थांबली आणि शोध कालच्या इंडेक्सवर चालू राहिला. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ही तपासणी प्रमाणित माहिती-स्कीमावरून होते, ओरॅकलमध्ये त्याच्या स्वतःच्या कोशातून.

रकाने तेच राहतात आणि अर्थ बदलतो, ही त्याहून कठीण बाब आहे. क मध्ये प्रतीच्या स्थितीसाठी एक नवा संकेतांक वापरात आला आहे. स्कीमा जसाच्या तसा आहे, त्यामुळे तपासणीत काहीच उमटले नाही. अनोळखी संकेतांकाची प्रत ‘उपलब्ध’ धरायची नाही, असा नियम आधीच असल्याने ती वाचकाला ‘स्थिती अनिश्चित’ अशी दिसली आणि आमच्याकडे सूचना आली. क च्या ग्रंथपालांनी कळवले की हा संकेतांक बांधणीला पाठवलेल्या प्रतींसाठी आहे. तो जुळवणीत घातला आहे. पुढच्या आठवड्यापासून तिन्ही डेटाबेसमधील संकेतांकांची रोज मोजदाद होईल आणि नवीन संकेतांक दिसताच त्या त्या ग्रंथपालांकडे त्याचा अर्थ विचारणारा निरोप जाईल.